शिवारापासून मांडलेली सॉफ्टवेअरची पदवी

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९७०च्या दशकात ते सुरू झाले. त्याच्या नावातच ‘ग्रामीण’ हा शब्द आहे आणि ग्रामीण भागातले आशियातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख आहे. त्या एका शब्दात शिक्षणाचा मोठा विचार सामावला आहे. डॉक्टर जिथे घडतो, तिथल्या माणसांचे आजार त्याच्या हाताखालून गेले पाहिजेत. म्हणून तिथला विद्यार्थी पुस्तक वाचतो आणि सकाळी ओपीडीत उभाही राहतो.

सॉफ्टवेअर अभियंता घडवताना मात्र हा विचार आपल्याला सुचलेला नाही. बीड, अंबाजोगाई, परळी इथे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. संगणक शाखेकडे मुलांचा ओढाही मोठा आहे. पण चार वर्षे शिकून विद्यार्थी जो प्रोजेक्ट सादर करतो, तो बहुतेक वेळा कुठल्या तरी काल्पनिक ग्रंथालयाचा किंवा काल्पनिक हॉटेलच्या बुकिंगचा असतो. काही जण तर तो पुण्यातून विकत आणतात. त्याच वेळी त्याच्या गावात सातबारा, पीक विमा, ई-पीक पाहणी, रेशन, शिष्यवृत्ती हे सारे सॉफ्टवेअरवर चाललेले असते. त्यातली एखादी चूक त्याच्या घरच्यांना सेवा केंद्राचे चार हेलपाटे मारायला लावते. रुग्ण दारात आणि शिकवणी पुतळ्यावर, अशी ही अवस्था आहे.

बीड जिल्ह्यासाठी सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची पदवी नव्याने मांडायची झाली, तर ती कशी मांडावी? माझे म्हणणे थोडक्यात असे: विषयांची यादी सर्वांत शेवटी करावी. पदवीधराला काय करता आले पाहिजे आणि ते कोणासाठी, हे आधी ठरवावे आणि तिथून मागे चालत यावे. चांगले सॉफ्टवेअरही असेच बनते.

संगणकशास्त्रापेक्षा वेगळे काय?

१९६८च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिश या गावी नाटो संघटनेच्या पुढाकाराने एक परिषद भरली. संगणक वेगाने मोठे होत होते, पण त्यांच्यासाठी लिहिलेले प्रोग्रॅम वेळेत पूर्ण होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता आणि चुका संपत नव्हत्या. पूल आणि धरणे बांधणाऱ्यांची शिस्त या कामाला का नसावी, हा प्रश्न तिथे ऐरणीवर आला. ‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ हे नाव या परिषदेमुळे रूढ झाले.

फरक समजायला सिंदफणेवरचे माजलगाव धरण डोळ्यांसमोर आणा. पाण्याचा दाब खोलीनुसार कसा वाढतो, हे विज्ञान सांगते. धरण बांधणाऱ्याला त्याखेरीज किती गाळ साचेल, दरवाजे कोण उघडेल, पूर आला तर खालच्या गावांना कसे कळेल, पन्नास वर्षांनी दुरुस्ती कशी होईल हेही ठरवावे लागते. संगणकशास्त्र आणि सॉफ्टवेअर अभियांत्रिकी यांचे नाते असेच आहे. पहिले गणनेचे नियम शोधते. दुसरे त्या नियमांच्या आधारे माणसांच्या कामाला येणारी, वर्षानुवर्षे टिकणारी, दुसऱ्याला दुरुस्त करता येईल अशी व्यवस्था उभी करते.

ही शिस्त नसली की काय होते, ते युरोपच्या एरियान-५ या रॉकेटने दाखवले. ४ जून १९९६ रोजी पहिल्याच उड्डाणात ते चाळीस सेकंदही टिकले नाही. आधीच्या एरियान-४ रॉकेटमधला प्रोग्रॅम नव्या रॉकेटला जसाच्या तसा वापरला होता. नव्या रॉकेटचा वेग जास्त, त्यामुळे एक आकडा इतका मोठा झाला की त्याच्यासाठी ठेवलेल्या सोळा बिटांच्या जागेत तो मावला नाही. जुन्या रॉकेटवर तो प्रोग्रॅम बिनचूक चालला होता. परिस्थिती बदलली, आणि नव्या परिस्थितीत तो तपासायचे राहून गेले.

त्याच वर्षी अमेरिकेत रॉचेस्टर इथल्या तंत्रज्ञान संस्थेने सॉफ्टवेअर अभियांत्रिकीची स्वतंत्र पदवी सुरू केली. पुढे एसीएम आणि आयईईई या दोन व्यावसायिक संघटनांनी मिळून अशा पदवीसाठी मार्गदर्शक आराखडा काढला. तो २००४ साली आला आणि २०१४ साली सुधारला गेला.

४६७ तासांचा हिशोब

२०१४चा आराखडा विषयांची नावे सांगत बसत नाही. प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचलेच पाहिजे अशा ज्ञानाची दहा क्षेत्रे आणि त्यांचे किमान तास तो सांगतो. एकूण तास ४६७. संगणकाची मूलतत्त्वे १५२ तास, गणित आणि अभियांत्रिकीचा पाया ८० तास. त्यानंतर खास या पेशाचा भाग येतो: गरजांचा शोध आणि त्यांची नेमकी मांडणी ३०, प्रतिरूपे आणि विश्लेषण २८, रचना ४८, पडताळणी आणि चाचणी ३७, कामाची प्रक्रिया ३३, गुणवत्ता १०. सुरक्षिततेला २० आणि व्यावसायिक वर्तनाला २९ तास. शिवाय शेवटचा प्रोजेक्ट पूर्ण वर्षभर चालावा, असा आग्रह आहे.

यातल्या गरजांपासून गुणवत्तेपर्यंतच्या सहा क्षेत्रांची बेरीज १८६ तास होते. आपल्याकडे दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठासारख्या काही ठिकाणी या नावाची वेगळी पदवी आहे. इतरत्र संगणक अभियांत्रिकीत ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा तिसऱ्या वर्षाच्या सुमारास येणारा साधारण तीन क्रेडिटचा एक विषय असतो. म्हणजे चाळीसेक तास, तेही बरेचसे व्याख्या पाठ करण्यात जातात.

जागा नाही म्हणावे, तर तसेही नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८च्या नमुना अभ्यासक्रमात चार वर्षांचा भार १६० क्रेडिटवर आणला. आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. त्या १६०मध्ये शाखेचे मुख्य विषय ४८, शाखेतले ऐच्छिक १८, खुले ऐच्छिक १८ आणि प्रोजेक्ट, सेमिनार, इंटर्नशिप मिळून १५ क्रेडिट आहेत. ऐच्छिक आणि प्रोजेक्टचे हे ५१ क्रेडिट ज्याने नीट वापरले, त्याला नवी पदवी उभारण्याएवढी जमीन आहे.

बीड पॅटर्न: वर्गात शिकवण्याजोगा नियम

आता या तासांत शिकवायचे काय? उदाहरण जिल्ह्याच्याच नावाचे आहे. २०२० साली बीड जिल्ह्यात पीक विमा उतरवायला कंपन्या पुढे येईनात, तेव्हा एक वेगळी रचना ठरली. तीच ‘बीड पॅटर्न’ म्हणून देशभर ओळखली जाते. पुढे तिचा विस्तार राज्यभर झाला.

नियम असा: समजा कंपनीकडे एकूण हप्ता १०० कोटी रुपये जमला. नुकसानभरपाई ११० कोटींच्या वर गेली, तर वरची रक्कम राज्य सरकार भरते. भरपाई ८० कोटींच्या खाली राहिली, तर कंपनी जास्तीत जास्त २० कोटी ठेवते आणि उरलेले सरकारला परत करते. म्हणजे भरपाई ६० कोटी झाली तर कंपनीकडे २० कोटी राहतात आणि २० कोटी परत जातात. भरपाई १३० कोटी झाली तर कंपनी ११० देते, सरकार २०.

हा नियम दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला द्या आणि प्रोग्रॅम लिहायला सांगा. पंधरा ओळींत होईल. मग खरे शिक्षण सुरू करा. भरपाई बरोबर ८० कोटी असेल तर? बरोबर ११० असेल तर? हप्ता शून्य असेल तर? पैशांचे पूर्णांकन कुठल्या टप्प्यावर करायचे? अशा सीमेवरच्या किमती मुद्दाम घालून पाहणे हे चाचणीशास्त्राचे पहिले सूत्र आहे, कारण चुका नेहमी बांधावरच लपतात.

आणि खरा धडा पुढेच आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ साली आली. २०२०मध्ये बीड पॅटर्न आला. २०२३मध्ये राज्यात शेतकऱ्याचा हिस्सा एक रुपयावर आला. २०२५च्या खरिपात तो पुन्हा बदलला: खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्के. दहा वर्षांच्या आत नियम इतक्या वेळा फिरला. ज्याने हे आकडे प्रोग्रॅमच्या पोटात जागोजागी कोरून ठेवले, त्याला दर वेळी सगळे उकरावे लागेल. ज्याने ते एका तक्त्यात बाजूला ठेवले, त्याचे काम तासाभरात होईल. बदलणारा भाग आणि टिकणारा भाग वेगळा ठेवणे हे रचनाशास्त्राचे मर्म आहे, आणि बीडच्या शेतकऱ्याच्या मुलाला ते समजावायला परदेशी उदाहरण लागत नाही.

गुंठा, आर आणि चऱ्हाटा

नासाचे मंगळाकडे निघालेले एक यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. जमिनीवरचा एक प्रोग्रॅम इंग्रजी एककांत आकडे देत होता आणि दुसरा ते मेट्रिक समजून वाचत होता. पाठ्यपुस्तके ही गोष्ट आवडीने सांगतात. आपल्या उताऱ्यावर ती रोज घडू शकते.

शेतकरी बोलतो एकर-गुंठ्यांत, सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा, सुमारे १०१ चौरस मीटर. आर म्हणजे नेमके १०० चौरस मीटर. दोन्ही इतके जवळ आहेत की अदलाबदल झाली तरी डोळ्यांना कळत नाही. त्याहून मोठा खड्डा दशांश चिन्हाचा. २ एकर २० गुंठे कुणी ‘२.२०’ असे लिहिले आणि १ एकर ३० गुंठे ‘१.३०’ असे, तर संगणक बेरीज ३.५० सांगेल. खरी बेरीज ४ एकर १० गुंठे आहे, कारण एकराचे गुंठे चाळीस. आजोबा हा हिशोब तोंडी बरोबर करतात. नातवाच्या प्रोग्रॅमने तो चुकवू नये, यासाठी एकक हा माहितीचाच भाग मानायला शिकवले पाहिजे.

तसेच अक्षरांचे. बीडजवळच्या चऱ्हाटा गावाचे नाव संगणकावर दोन तऱ्हेने उमटवता येते. युनिकोडमध्ये ‘ऱ’ला स्वतःचा क्रमांक आहे, त्याला हलन्त लावून ‘ऱ्हा’ लिहिता येतो, आणि साध्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह लावूनही तेच रूप दिसते. पडद्यावर दोन्ही सारखे, पण संगणकाला दोन वेगळी गावे. एकाने एका पद्धतीने भरले आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधले, तर ‘नोंद सापडली नाही’ असे उत्तर येते. आधार कार्डावर, पासबुकावर आणि उताऱ्यावर एकाच माणसाच्या नावाची तीन रूपे असली, तर रखडलेल्या अनुदानाचे मूळ अनेकदा हेच असते. मराठी मजकुराची हाताळणी हा विषय आपल्या पदवीत मुख्य विषयांच्या रांगेत असला पाहिजे. जगातले कुठलेही विद्यापीठ आपल्यासाठी हे करून देणार नाही.

कोयत्याची नोंद

गरजांचा शोध हे या पेशाचे सर्वांत अवघड काम आहे, आणि ते फळ्यावर शिकवता येत नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून दर हंगामात हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. दिवाळीच्या आगेमागे निघतात, गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांची मजुरी त्या उचलीत वळती होते. हिशोब मुकादमाच्या वहीत राहतो.

समजा विद्यार्थ्यांनी हा हिशोब मोबाइलवर आणायचे ठरवले. ते मुकादमाला भेटले आणि वही पाहिली. वहीत एक ओळ म्हणजे एक ‘कोयता’. विद्यार्थ्याने डेटाबेसमध्ये तसाच तक्ता केला: एक कोयता, एक नाव, एक मोबाइल क्रमांक. तांत्रिकदृष्ट्या काहीच चुकले नाही. पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ऊस दोघे तोडतात, मोळी बहुधा तीच वाहते, आणि नोंदीत नाव फक्त त्याचे. तक्त्यातल्या एका रकान्याने अर्धे श्रम पुसले. गरज समजून घेताना मुकादमाइतकेच त्या बाईशीही बोलायला हवे होते. व्यावसायिक वर्तनाचे २९ तास इथे सार्थकी लागतात.

यातून आणखी एक व्यावहारिक गोष्ट निघते. प्रोजेक्टचे काम अनेकदा जानेवारीपासून जोर धरते. त्या वेळी ही गावे रिकामी असतात, माणसे उसाच्या फडात असतात. म्हणून बीडमधल्या पदवीचे वेळापत्रक हंगामाकडे पाहून लावावे. जुलै ते सप्टेंबर गावात बसून बोलावे, दिवाळीपर्यंत रचना करावी, हंगामात फडावर थोड्या कुटुंबांबरोबर वापरून पाहावे, आणि ती परतल्यावर तो हिशोब त्यांच्यासमोर ठेवावा. त्यांनी ‘बरोबर आहे’ म्हटले, तर ती खरी अंतिम परीक्षा.

चार वर्षांची बांधणी

पहिल्या वर्षी एकच प्रोग्रॅमिंग भाषा, पण पक्की. सोबत तर्क, संच, आलेख यांचे विविक्त गणित आणि स्वच्छ लेखन, मराठीत आणि इंग्रजीतही. पहिल्या महिन्यापासून प्रत्येक ओळ ‘गिट’ या साधनात ठेवावी, म्हणजे कोणी काय केव्हा बदलले याची नोंद राहते आणि एकमेकांची जर्नले उतरवायची सवय लागत नाही.

दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि त्यांच्याबरोबरच चाचणी. ‘डायरेक्ट सेकंड इयर’ला डिप्लोमाची मुले येतात. त्यांचा हात चालतो, गणित मागे असते, म्हणून त्यांच्यासाठी सुरुवातीला जोडवर्ग ठेवावा.

तिसऱ्या वर्षी गरजांचा शोध, रचना, सुरक्षितता. याच वर्षी एक काम सक्तीचे असावे: आधीच्या तुकडीने केलेले सॉफ्टवेअर हाती घ्यायचे, वाचायचे, त्यातला एक दोष शोधायचा आणि दुरुस्त करायचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी दुसऱ्याचाच कोड पुढ्यात येतो, आणि तो वाचायला आपण कधी शिकवतच नाही.

चौथ्या वर्षी वर्षभराचा प्रोजेक्ट, खऱ्या वापरणाऱ्यासाठी. ग्रामपंचायत, दूध संकलन केंद्र, शेतकरी गट, सरकारी दवाखान्याचे औषध भांडार, कुणीही. गुण सादरीकरणाच्या चकचकाटाला देऊ नयेत. वापरणाऱ्याच्या तोंडून ऐकून, सापडलेल्या आणि सुधारलेल्या दोषांची नोंद पाहून द्यावेत. प्रोजेक्ट संपला की फेकून न देता पुढच्या तुकडीकडे सोपवावा. महाविद्यालयाने अशी दोन-तीन कामे दहा-दहा वर्षे चालती ठेवली, तर तीच त्याची ओपीडी होईल.

प्रोग्रॅम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता हाताशी आहेत. त्यामुळे हा आराखडा अधिकच तातडीचा झाला आहे. कोड भराभर मिळेल. तो ८० कोटींच्या सीमेवर बरोबर वागतो का, गुंठे बरोबर मोजतो का, कोयत्यातली बाई त्यात आहे का, हे विचारणारा माणूस मात्र घडवावाच लागेल.

आजच काय करता येईल?

मराठवाड्यातली बरीच अभियांत्रिकी महाविद्यालये लोणेरे इथल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. स्वायत्त नसलेले संलग्न महाविद्यालय स्वतःचा अभ्यासक्रम ठरवू शकत नाही, हे खरे. पण प्रोजेक्टचा विषय, प्रॅक्टिकलमधली उदाहरणे, इंटर्नशिपची जागा, ऐच्छिक विषयांची निवड हे बरेचसे त्याच्याच हातात असते. वरच्यापैकी निम्म्याहून अधिक गोष्टी विद्यापीठाची परवानगी न मागता येत्या जुलैपासून सुरू करता येतील.

भाषेची अडचणही पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०२१ पासून तंत्रशिक्षण परिषदेने भारतीय भाषांतून अभियांत्रिकीला वाट दिली, त्यात मराठी आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मोफत सॉफ्टवेअरचे मराठी पाठ आहेत. लिनक्स, पायथन, पोस्टग्रेस यांना परवान्याचा एक पैसा लागत नाही. कमतरता आहे ती शिक्षकाला गावात जायला वेळ देण्याची, आणि त्या वेळेला काम मानण्याची. ही कमतरता संस्थाचालकांनी मनावर घेतली तर भरून निघणारी आहे.

प्रवेशाच्या दिवसांत पालक प्लेसमेंटचा आकडा विचारतात. तो जरूर विचारा. पण त्याबरोबर तीन प्रश्न आणखी विचारा. मागच्या वर्षीच्या मुलांनी केलेले कोणते सॉफ्टवेअर आज कोणी वापरते आहे का? ते बिघडले तर कोण दुरुस्त करते? तुमचे विद्यार्थी ते वापरणाऱ्या माणसाला कधी भेटले होते का? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या महाविद्यालयाकडे असतील, तिथे आपल्या मुलीला आणि मुलाला निश्चिंतपणे पाठवा. आणि ज्या महाविद्यालयाकडे ती आज नाहीत, त्याने पहिल्या उत्तराची तयारी या पावसाळ्यात जवळच्या एखाद्या गावात जाऊन सुरू करावी.